नकोबाच्या पायाखालची घडवंची

मित्रांनो, मी एक घडवंची आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको, एक नजर टाकलीत की कळेल. घडवंची म्हणजे चार पायांचं उंचसं लाकडी स्टूल. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की माणसं आमच्यावर चढतात आणि काम झालं की आम्हाला भिंतीकडे सरकवतात. सध्या माझ्यावर पाण्याचा पेला, गोळ्यांची पाकिटं आणि एक चष्मा असतो. कधी कधी वाचून झालेलं वर्तमानपत्रही असतं.

माझी गोष्ट तुम्हाला भाषणांची वाटेल, कारण माझ्यावर उभं राहून एका माणसानं जन्मभर भाषणं केली. पण ती भाषणांची नाही. एका बाईला घरातून जायचं होतं की राहायचं होतं, आणि तिनं राहावं हे तिला तिच्या माणसानं तोंड उघडून सांगितलं की नाही, याची ती गोष्ट आहे. मी ती सरळ सांगणार आहे. रडायचं वगैरे मला जमत नाही. लाकडाला पटकन काही वाटत नाही, आणि मला तर हल्ली फारसं काहीच वाटत नाही.

मी एका सुताराच्या दुकानात झाले. माझी बैठक एका मोडक्या दाराच्या फळीतून निघाली आणि पाय दुसऱ्याच कुठल्या तरी कठीण लाकडाचे होते. सुतार मोठा बडबड्या. रंधा मारताना तो स्वतःशीच भांडायचा. "पाय तिरके घे, बाबा. सरळ घेतलेस तर चढणारा तोंडावर पडेल आणि शिव्या तुला बसतील," असं तो स्वतःलाच बजावायचा. त्यानं माझ्यात एकही खिळा मारला नाही. खाचा पाडल्या, सरस लावला, खुंट्या ठोकल्या. मग माझ्यावर बसून त्यानं जेवण केलं, डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं, आणि म्हणाला, "चालेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक होतं.

मला घेतलं ते एका शिलाईवाल्या बाईनं. गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं छोटं दुकान होतं. पुढे शिवणयंत्र, मागे कापडाच्या फळ्या, आणि फळ्यांच्या मागे राहायची खोली. कोटाची जाड कापडं सगळ्यात वर असायची आणि तिचा हात तिथवर पुरायचा नाही. माझी मालकीण उंचीनं बेताची होती. तोंडानं मात्र बेताची नव्हती.

एके दिवशी दुकानात परवाना कार्यालयातला एक कारकून आला. पोरगेलासा, इस्त्रीचा सदरा, हातात मापपट्टी. त्यानं बाहेरची पाटी मापली, पुन्हा मापली आणि आत येऊन उभा राहिला.

"बाई, तुमची पाटी परवान्यापेक्षा चार बोटं लांब आहे."

"मग?"

"मग... ती नियमात बसत नाही."

"अहो, भिंतीवर बसलीय ना नीट? कुणाच्या डोक्यावर तर बसली नाही?" मालकिणीनं हातातली मोठी कात्री त्याच्यापुढे धरली. "ही घ्या. चार बोटं कापून न्या आणि तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवा. त्यांना झोप तरी लागेल."

कारकुनानं कात्री घेतली नाही. तो माझ्यावर बसला आणि कितीतरी वेळ मापपट्टी गुंडाळत, उलगडत राहिला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. कुणाचंच काही बिघडलेलं नाही. मग मी इथे कशाला आलोय?" मालकिणीनं कात्री खाली ठेवली. तिच्याकडे आलेल्या सरकारी माणसानं तिचं बरोबर आहे असं कधी म्हटलेलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत त्यानं नोकरी सोडली. त्याच्या थोरल्या भावानं डोक्याला हात लावला. "पक्क्या नोकरीला लाथ मारणारा शहाणा आमच्याच घरात निघायचा होता," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. कारकून दुकानात आला आणि त्यानं मालकिणीला विचारलं, "ही घडवंची घेऊन जाऊ का? संध्याकाळी परत आणून देतो. तुमची हरकत नसेल तरच." विचारल्याशिवाय त्यानं दुसऱ्याच्या वस्तूला कधी हात लावला नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवते.

त्यानं मला बसथांब्यापाशी चौकात ठेवलं आणि वर चढला. त्याचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर जात होता. ते मला बैठकीतून कळत होतं, लोकांना दिसत नव्हतं. "मला मत देऊ नका," तो म्हणाला. "मी तुमच्यावर राज्य करायला आलेलो नाही. तुम्ही कुणाला इजा करत नसाल, कुणाला फसवत नसाल, तर तुमच्यावर कुणीच राज्य करू नये. तुमचं दुकान तुमचं, तुमचे हात तुमचे, तुमची मिळकत तुमची. विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये, आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्यानं मुकाट्यानं परत जावं."

"आणि बस वेळेवर येत नाही, ते कुणाला विचारायचं?" गर्दीतून एकजण ओरडला. लोक हसले. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच दाराशी आला होता. तो म्हणाला, "कर नको, परवाना नको, अनुदान नको, फौजदार नको! माणूस आहे की नकोबा?" त्या दिवसापासून तो नकोबा झाला. त्याचं खरं नाव पुढे त्याच्या भावाशिवाय कुणी घेतलं नाही.

नकोबा आणि माझी मालकीण यांचं लग्न झालं. लग्नाचं विचारतानाही त्यानं भाषणच केलं. "मी तुला बांधून ठेवणार नाही. ज्या दिवशी जावंसं वाटेल त्या दिवशी खुशाल जा. मी अडवणार नाही."

"आधी येऊ तर दे," मालकीण म्हणाली आणि खूप हसली. तिच्या माहेरी बायकांना शेजारी जायचं तरी तीन जणांना विचारावं लागे. तिला हे बोलणं फार आवडलं होतं, आणि मलाही ते तेव्हा चांगलंच वाटलं.

त्यांना एक मुलगी झाली. घरात कुणी कुणाला हुकूम करायचा नाही, असा नकोबाचा दंडक होता. मुलीला तो 'अभ्यास कर' म्हणत नसे, 'झोप' म्हणत नसे, 'भाजी खा' म्हणत नसे. "तुला वाटलं तर," एवढंच म्हणे. एकदा पोर खिडकीवर चढली आणि म्हणाली, "बाबा, उडी मारू?" मालकीण आतून किंचाळली. नकोबा धावत बाहेर गेला, पण 'नको' म्हणाला नाही. खिडकीखाली हात पसरून उभा राहिला. पोरीनं उडी मारली आणि त्यानं ती झेलली. मालकिणीनं दोघांनाही फैलावर घेतलं. मुलगी शाळेत गेली, शिकली, ती आईमुळे. "या घरात वाटण्याचं खातं ह्याचं आणि करण्याचं माझं," असं मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची. तेव्हा ती हे हसत सांगायची.

मित्रांनो, माझी कामाची वर्षं म्हणाल तर ती हीच. दिवसा मालकीण माझ्यावर चढून कापड काढायची आणि संध्याकाळी नकोबा मला खांद्यावर टाकून चौकात न्यायचा. तेव्हा त्या गावात घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांनाही परवाना लागत असे. निरीक्षक यायचे आणि यंत्राला सील ठोकून जायचे. नकोबा त्याविरुद्ध बोलायला लागला. चौकात बोलायलाही परवाना लागत होता, आणि तो मागणं नकोबाला मान्य नव्हतं, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. मलाही उचललं. ठाण्यात एका शिपायानं माझ्यावर चढून बंद पडलेला दिवा बदलला. काम नीट झालं. दुसऱ्या दिवशी मालकीण आली आणि फौजदाराला म्हणाली, "ही माझी. आणि तो कोपऱ्यातला, तोही माझाच. दोन्ही द्या." फौजदाराला हसू आवरेना.

नकोबा बोलतच राहिला. बायका आपापली सील ठोकलेली यंत्रं घेऊन चौकात येऊन बसायला लागल्या. शेवटी तो नियम गेला. त्या दिवशी लोकांनी मला नकोबासकट उचललं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात माझे दोन पाय स्पष्ट दिसत होते. मंत्र्याचा माणूस येऊन म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं समितीवर हवीत. गाडी मिळेल, कार्यालय मिळेल." नकोबा नको म्हणाला. मालकिणीनं त्या माणसाला पाणी दिलं आणि दारापर्यंत पोचवलं. तिच्या चेहऱ्यावरून अभिमान नुसता ओसंडत होता.

मग वारं फिरलं. गावात तयार कपड्यांचं एक मोठं दुकान आलं. काचेची दारं, आत थंड हवा, हँगरवर टांगलेले सदरे. शिंपी मंडळी नकोबाकडे आली. "तुम्ही आमच्यासाठी भांडलात. आता चौकात उभं राहून सांगा की याचा परवाना काढून घ्या."

"परवानाच नको म्हणून मी एवढी वर्षं घसा फोडला," नकोबा म्हणाला. "तो आता दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालू?"

हेच त्यानं चौकात जाहीर सांगितलं. शिंपी त्याच्याकडे पाठ करून निघून गेले. मालकीण गर्दीत होती. तिच्या दुकानातलं काम तोवर निम्म्यावर आलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "माझ्याच दुकानावर उठलास. पण बोललास ते बरोबर बोललास." हे तुम्ही नीट ऐका, मित्रांनो. तिला त्याचे विचार पटत नव्हते असं कधीच झालं नाही. ती त्याच्यापेक्षा आधीपासून त्या विचारांची होती. तो पाटी मापत होता तेव्हा कात्री तिनं पुढे केली होती.

शिंपी गेले तरी काही माणसं नकोबाजवळ राहिली. एक घड्याळ दुरुस्त करणारे, एक वकीलबाई आणि एक निवृत्त मास्तर. त्यांनी 'स्वेच्छा मंडळ' काढलं. मंडळात कुणी अध्यक्ष नव्हता, कारण कुणी कुणावर बसायचं नाही. कामं वाटून द्यायची नाहीत, ज्याला जे वाटेल ते त्यानं आपणहून करायचं. बैठकीत सगळे एकदम बोलायचे. सतरंजी कुणी अंथरायची हे न ठरल्यामुळे बहुतेक वेळा सगळे जमिनीवर बसायचे. एका वर्षी त्यांनी ठरवलं की नकोबानं नगरपालिकेची निवडणूक लढवायची. राज्य करायला नाही, आतून दारं उघडायला, असं मास्तर म्हणाले. लोकांनीही मनावर घेतलं. नकोबा निवडून येईल असं न्हावीसुद्धा म्हणायला लागला होता.

उमेदवारीचे कागद तयार झाले आणि माझ्यावर ठेवले गेले. मालकीण चहा घेऊन आली. "आज शेवटचा दिवस. हे कचेरीत कोण नेऊन देणार?"

"ज्याला वाटेल तो," मास्तर म्हणाले.

"मी देऊन येऊ का? माझ्या वाटेवरच आहे."

"तुला वाटलं तर," नकोबा म्हणाला.

"तसं नको. तू 'जा' म्हण, मी जाते."

"मी कसं म्हणणार? इथे कुणी कुणाला..."

मालकिणीनं कप खाली ठेवले आणि ती यंत्रावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी एकेक जण ठेवणीतले कपडे घालून नकोबाचं अभिनंदन करायला आला. वकीलबाईंना वाटत होतं मास्तर गेले असतील. मास्तरांना वाटत होतं घड्याळवाले. घड्याळवाल्यांना वाटत होतं उमेदवार स्वतः. कागद माझ्यावरच होते. घड्याळवाल्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुदत संपली." गावानं पोट धरधरून हसून घेतलं. मंडळ त्यानंतर मोडलं. मोडायचा ठराव कुणी मांडला नाही, माणसं यायची थांबली.

मालकीण हसली नाही. "एकदा 'जा' म्हणाला असतास तर मी पळत गेले असते," ती म्हणाली. नकोबा म्हणाला, "मग तसंच जायचं होतंस." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि घरात नंतर फार बोलणं झालं नाही.

मुलगी नोकरीसाठी शहरात गेली. दुकान कसंबसं चालत होतं. मालकिणीच्या धाकट्या बहिणीचा नवरा वारला होता, ती दुसऱ्या गावी एकटी होती. तिचा फोन आला. "ताई, इकडे ये. दोघी मिळून पडद्यांचं काम करू. पडदे अजून लोक मापानंच शिवून घेतात." फोन झाला तेव्हा मालकीण माझ्यावर उभी राहून वरची फळी झटकत होती. नकोबा दारात होता.

"धाकटी बोलावतेय."

"ऐकलं."

"जाऊ का?"

"तुझी इच्छा."

"माझी इच्छा मला ठाऊक आहे. मी तुझी विचारतेय."

नकोबानं दाराची कडी लावली, काढली. मग म्हणाला, "माझ्या इच्छेचा भार तुझ्यावर कशाला?"

"टाक ना थोडा भार! सगळ्या जगाशी बोलतोस, माझ्याशी एवढं बोल."

"मी अडवणारा कोण?"

मालकीण खाली उतरली. "कोण ते तुलाच ठाऊक नसेल, तर मी काय सांगू," ती म्हणाली.

एका दिवसात भरण्यासारखं तिचं सामान होतं. तिनं ते आठवडाभर भरलं. साडी घडी करायची, पिशवीत ठेवायची, पुन्हा काढायची. नकोबा येता-जाता बघत होता. त्याला ती जायला नको होती, हे मी शपथेवर सांगेन. माझ्यावर हात टेकून तो दारापाशी उभा राहायचा तेव्हा त्याचा सगळा भार त्या हातात यायचा. शेवटच्या दिवशी त्यानं तिच्या पिशव्या उचलल्या, बसमध्ये खिडकीची जागा पकडून दिली, वाटेत पाणी विकत घे म्हणून सांगणार होता, तर तेही 'तुला वाटलं तर' म्हणाला. बस गेली. तो घरी आला, रिकाम्या दुकानात माझ्यावर चढला आणि नुसता उभा राहिला. भाषण केलं नाही. काही वेळानं उतरला आणि त्यानं भात लावला.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संध्याकाळ झाली की तो मला चौकात न्यायचा आणि तेच बोलायचा. शब्द तेच होते, पण त्याचे त्यालाच ऐकू येत नसावेत. लोक थांबेनासे झाले. न्हाव्याच्या मुलानं दुकानाला आरसे लावले, बसथांबा दुसरीकडे हलवला, तरी नकोबा त्याच जागी उभा राहायचा. माझ्या एका पायाची खुंटी सैल झाली. मी डुलायला लागले. त्यानं पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि बोलत राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. पाऊस लागला, ऊन लागलं, पॉलिश गेलं, एकदा तर तो मला चौकातच विसरून घरी गेला आणि कुणीतरी माझ्यावर केळीची सालं ठेवून गेलं. त्याचंही काही वाटलं नाही.

मालकीण महिन्यातून एकदा फोन करायची. "बरा आहेस?" "बरा आहे." "काही हवंय?" "नको." "ठेवू?" "तुझी इच्छा." असे त्यांचे फोन.

मग त्याच्या पायांतली जाणीव गेली. डॉक्टरनं तळव्याला टाचणी टोचून विचारलं, "कळतंय का?" नकोबा म्हणाला, "टोचलीय ते दिसतंय." चौकात जाणं बंद झालं. मी खाटेशेजारी आले, माझ्यावर गोळ्या आल्या.

मुलगी सुट्टी घेऊन आली. तिनं घर झाडलं, गोळ्या वेगवेगळ्या केल्या आणि बापासमोर बसली.

"बाबा, आईला घरी बोलवा."

"ती म्हणालीय का तसं?"

"ती कशाला म्हणेल? ती वाट बघतेय तुम्ही म्हणण्याची. कितीतरी वर्षं बघतेय."

"मी तिच्यावर सक्ती करणार नाही."

"अहो, सक्ती कुणी करायला सांगितलीय!" मुलीचा आवाज चढला. "हुकमाला नाही म्हणता येत नाही. विचारण्याला येतं. विचारून बघितलं असतंत तर ती हो म्हणाली असती, नाही म्हणाली असती, तिचं तिनं ठरवलं असतं. तुम्ही तिला नाही म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत. ह्याला तुम्ही मोकळीक म्हणता?"

नकोबानं माझ्यावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. आयुष्यभर गर्दीतल्या प्रत्येक ओरडणाऱ्याला त्यानं उत्तर दिलं होतं. मुलीला त्यानं उलट विचारलं, "बस किती वाजता असते?"

नव्या बसथांब्यावर बसायला बाक नव्हतं, म्हणून मुलीनं मलाही बरोबर घेतलं. बापाला एका हातानं धरायचं आणि मला दुसऱ्यानं, अशी ती बिचारी घामाघूम झाली. वाटेत नकोबा एक शब्द बोलला नाही. त्याचे ओठ मात्र हलत होते. पहिल्या भाषणाच्या आधीसुद्धा त्यानं एवढी तयारी केली नव्हती.

धाकटीचं घर लहान होतं. पुढच्या खोलीत दोन शिवणयंत्रं, सगळीकडे पडद्यांचं कापड. मालकीण एका यंत्रावर होती. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. तिनं दाराकडे पाहिलं, आणि यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"पाय कसे आहेत?"

"आहेत तिथेच आहेत."

"बस ना."

तो बसला नाही. मला पुढे धरून, माझ्या बैठकीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "मला बोलायचंय," तो म्हणाला. मग अंगठ्यानं माझ्या बैठकीची कड घासत राहिला. धाकटी बहीण आत निघाली होती, ती दारात अडखळली. मुलगी मान खाली घालून उभी राहिली.

"घरी चल," नकोबा म्हणाला. "मला तू हवी आहेस. तेव्हाही हवी होतीस. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, आणि मी बोललो नाही. आता बोलतोय. चल घरी."

मालकिणीनं चष्मा काढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. "गाढवा," ती म्हणाली, "एवढंच तर म्हणायचं होतं." आणि मग पदरानं तोंड पुसून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाही. मी नाही येणार. इथे माझं काम आहे. धाकटी आहे. तिला माझी सवय झालीय आणि मला तिची. तेव्हा आले असते. आता नाही."

"बरं," नकोबा म्हणाला.

त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला. सैल खुंटीमुळे मी डुलले. मला तेव्हा काहीतरी वाटलं असावं. काय ते नक्की सांगता येत नाही, सवय गेलीय.

"चहा पिऊन जायचं," मालकीण म्हणाली. तिनं त्याची इच्छा विचारली नाही. तो माझ्यावर बसला, तिनं त्याच्या हातात कप दिला, आणि चहा संपेपर्यंत ती शेजारी उभी राहिली. दोघं पडद्यांच्या कापडाबद्दल बोलले. कुठलं कापड धुतल्यावर आटतं, कुठलं आटत नाही, असं.

परतीच्या बसमध्ये मुलीनं विचारलं, "बाबा, वाईट वाटतंय?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

त्याच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काळजी घ्या असं सांगतात. सैल खुंटी वेळेवर ठोका, उन्हापावसात ठेवू नका. तेही कराच. पण मला दुसरं काही मागायचं आहे. तुमच्या घरात कुणी पिशवी भरत असेल, तर दारापाशी जा आणि तोंडानं सांगा की तू थांबावंस असं मला वाटतं. ते थांबतीलच असं नाही. जायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं आहे, तो त्यांचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण तुम्हाला ते हवे आहेत हे त्यांना कळलेलं असू द्या.